गुरुवारची बोट

लाईट आली की सोमाजी मारबते केंद्रावर येतात,
सातबाऱ्याच्या रांगेत न थांबता
सरळ माझ्या खुर्चीमागे.
"काढ वो बाई, तो नकाशा."

मी सामोआ काढते.
निळ्यात दोन ठिपके,
आमच्या तलावातल्या शिंगाड्याच्या दोन पानांएवढे.
एकाचं नाव सामोआ, दुसऱ्याचंही सामोआ,
झेंडे वेगळे, पैसे वेगळे,
मध्ये एका रात्रीचं पाणी.

तनुजा तिथं नर्स आहे.
पलीकडच्या दवाखान्यानं तीन दिवसांसाठी बोलावलं,
विमान परवडत नाही,
बोटीनं जाते म्हणाली फोनवर,
वडशाला जाऊन येते म्हणावं, तसं.

तेव्हापासून म्हातारा धड जेवला नाही.
बेचाळीस वर्षं वैनगंगेवर डोंगा चालवला,
आणि घरातली पोर पाण्यावर निघाली
तर ह्याला कोणी विचारत नाही?

प्रश्न मी वहीत उतरवून घेतले.
पानी कोन्या अंगानं वाहते?
नावाडी कोनाच्या घरचा?
चढताना पाय फळीवर ठेवाचा का काठावर?
अर्ध्यात वारा फिरला त परत याचं का पुढं जाचं,
हे आधी ठरलं आहे, का तिथंच भांडतील?
पल्याडून हाक मारली त आयकू येते का?

साइटवर होतं भाडं
आणि पिशवीचं वजन.
आणि ही एक ओळ, जी मी तीनदा वाचली:
गुरुवारी रात्री अकराला सुटते,
गुरुवारी सकाळी सहाला पोचते.

छापताना चुकलं असेल, मी म्हटलं.
नाकाडे सरांनी घाटावरच्या वाडीतलं टरबूज घेतलं,
खडूनं उभी रेघ ओढली.
ह्या अंगाला आज, त्या अंगाला काल.

सोमाजी टरबुजावरून बोट फिरवत राहिले,
रेघेच्या अलीकडून पलीकडे,
परत अलीकडे.
"म्हंजे पोरगी कालच्यात उतरते."
"हो."
"मंग कालचं काही पुन्हा करता येते?"

सर हसले.
मी वहीची पानं चाळली उगाच.
मला माहीत होतं ते कुठल्या कालचं विचारतायत.
तनुजा निघाली त्या सकाळी
तिची जीप पुलावर हळू झाली होती,
खिडकीतून ओढणी हलली होती,
आणि खाली रेतीत हे पालथ्या डोंग्याला डांबर लावत बसले होते,
पाठ वर, मान खाली.
पूल झाल्यापासून ते पुलाकडे बघतच नसत.

तिकीट निघालं. छापून दिलं.
त्यांनी चार घड्या करून टोपीत ठेवलं,
जणू तेच जाणार होते.

मग मी हिशेब करून सांगितला:
तिथली रात्रीचे अकरा, आपली दुपार, साडेतीन.
तिथली सकाळ, आपले रात्री साडेदहा.
"म्हंजे आपल्या इथं एकच गुरुवार?"
एकच.
"बरं आहे," म्हणाले. "दोन झेपले नसते."

गुरुवारी साडेतीनला ते डोंग्यात जाऊन बसले.
डोंगा कोरड्यात, खुंट्याला बांधलेला,
तरी चाटू आडवा मांडीवर.
मी केंद्र बंद करून गेले तेव्हा अंधार पडला होता.
पुलावरून गाडी गेली की मान वर करायचे,
प्रत्येक गाडीला,
रेतीच्या ट्रॅक्टरलासुद्धा.

दहा चाळीसला माझा फोन वाजला.
"दोनदा ओकले, आबा."
"ते होते. काठ कसा आहे?"
"सिमेंटचा."
"फळी कोन धरली?"

तिकडे कोंबडा आरवला.
इथे रात्र होती, दोघंही ऐकत राहिलो.
"एक म्हातारा होता," ती म्हणाली,
"हात दिला त्यानं. नाव नाही विचारलं."
"येताना इचार," सोमाजी म्हणाले,
आणि फोन माझ्या हातात देऊन
चाटू खांद्यावर घेतला.